रोज वीस जिंकून उठायचं: दुप्पट डावाच्या एका पद्धतीचा हिशोब

रूलेटच्या टेबलावर दहा संध्याकाळी खेळ झाला. आठ जिंकल्या, दोन हरल्या. सुरुवातीला हातात १२७ चिप्स होत्या, शेवटी ४८ उरल्या. जुगारातल्या "हमखास" पद्धती का बुडतात हे समजून घ्यायचं असेल, तर दहापैकी आठ वेळा जिंकणारा माणूस एकूण हरतो कसा, एवढा एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवावा.

हे प्रकरण विश्लेषणासाठी रचलेलं आहे आणि त्यातला खेळाडू काल्पनिक आहे. चाक, नियम आणि शक्यता मात्र खऱ्या रूलेटच्याच आहेत. दहात आठ विजय हे प्रमाणही ओढूनताणून आणलेलं नाही. ही पद्धत खेळत राहिलं की सरासरी साधारण तितकेच विजय पदरी पडतात.

मांडणी

रूलेटमध्ये फिरत्या चाकात चेंडू सोडतात, तो ज्या आकड्याच्या खान्यात पडतो तो निकाल. इथलं चाक एका शून्याचं, म्हणजे ३७ खान्यांचं: १८ लाल, १८ काळे आणि शून्याचा एक हिरवा. लालवर लावलेला डाव जिंकला तर लावलं तेवढंच वर मिळतं. काळा किंवा हिरवा आला तर डाव गेला. टेबलावर कमीत कमी १ चिप लावावी लागते आणि जास्तीत जास्त १०० लावता येतात.

पद्धत मार्टिंगेल नावाने ओळखली जाते. लालवर १ लावायची. हरलो तर २, पुन्हा हरलो तर ४, मग ८, १६, ३२, ६४. मधे कधीही लाल आला की आधीचं सगळं नुकसान भरून निघतं आणि वर बरोबर १ चिप उरते. तिथे एक चक्र पूर्ण होतं, पुढचं पुन्हा १ पासून सुरू करायचं. आपल्या खेळाडूने त्याला स्वतःची शिस्त जोडली आहे: वीस चक्रं जिंकली की उठायचं, मोह धरायचा नाही. सलग सात वेळा हरलो तर आठवा डाव १२८ चा लागेल. तो टेबलाच्या मर्यादेत बसत नाही, म्हणून तिथेही त्या दिवसापुरतं थांबायचं. १ पासून ६४ पर्यंतच्या सात डावांची बेरीज १२७ होते, म्हणून भांडवल तेवढंच घेतलं.

वही अशी दिसते:

| संध्याकाळ | काय झालं | त्या दिवशीचा निकाल | हातात |
|---|---|---|---|
| १ ते ६ | रोज वीस चक्रं जिंकली | रोज +२० | २४७ |
| ७ | बारा चक्रांनंतर सलग सात हारी | −११५ | १३२ |
| ८ आणि ९ | रोज वीस चक्रं जिंकली | रोज +२० | १७२ |
| १० | तीन चक्रांनंतर सलग सात हारी | −१२४ | ४८ |

सहाव्या संध्याकाळी त्याचा पद्धतीवर पूर्ण विश्वास बसलेला असणार, आणि तो बसला म्हणून त्याला वेडगळ ठरवू नये. सहा दिवसांत एकदाही तोटा नाही आणि भांडवल जवळपास दुप्पट झालं आहे. हा पुरावा भल्याभल्यांना पुरेसा वाटतो.

सातव्या संध्याकाळचं तेरावं चक्र

हे चक्र जरा जवळून पाहू. चेंडू कुठे पडला आणि त्यावर किती लागलेलं होतं:

२२ काळा, १ गेली. शून्य, २ गेल्या. १५ काळा, ४ गेल्या. ८ काळा, ८ गेल्या. ३५ काळा, १६ गेल्या. ४ काळा, ३२ गेल्या. आता या चक्रात एकूण ६३ गेलेल्या आहेत आणि ६४ चिप्सचा सातवा डाव लावायचा आहे.

या क्षणी तो नेमकं कशासाठी खेळतो आहे? लाल आला तर चक्राचा निव्वळ नफा १ चिप. नाही आला तर १२७ चा खड्डा. लाल येण्याची शक्यता मात्र पहिल्या डावाला होती तेवढीच, ३७ पैकी १८, म्हणजे ४८.६५ टक्के. खेळणाऱ्याला वाटतं की सहा हारी झाल्या, आता लाल "यायलाच हवा". चाकाला मागच्या सहा फेऱ्या ठाऊक नसतात. चेंडू २९ वर पडतो. काळा.

अनुक्रमात शून्य मुद्दाम ठेवलं आहे. खेळताना ते नजरेआड जातं, कारण लक्ष लाल-काळ्याच्या झुंजीवर असतं. पण कॅसिनोची कमाई त्याच हिरव्या खान्यातून होते. जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावामागे जो हिस्सा कापून घेतो त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. रूलेटमध्ये नाल वेगळी मागितली जात नाही, ती चाकातच बसवलेली असते. लालच्या बाजूने १८ खाने आणि विरुद्ध १९, तेव्हा न्याय्य परतावा एका चिपेला १९/१८, म्हणजे सुमारे १.०५६ असायला हवा. प्रत्यक्षात मिळतो १. या फरकामुळे लावलेल्या दर चिपेमागे सरासरी १/३७, म्हणजे २.७० टक्के, कॅसिनोकडे जातात. दोन शून्यांच्या ३८ खान्यांच्या चाकावर हेच प्रमाण ५.२६ टक्के होतं. काही टेबलांवर शून्य आल्यास लाल-काळ्याच्या डावाचा अर्धा भाग परत देतात, तिथे ते १.३५ वर येतं. कमी होतं, पण शून्य होत नाही आणि खेळाडूच्या बाजूलाही झुकत नाही.

एका चक्राचा हिशोब

एका डावात हरण्याची शक्यता १९/३७, म्हणजे ०.५१३५. सात डाव सलग हरण्यासाठी ही संख्या सात वेळा स्वतःशी गुणायची. उत्तर येतं ०.००९४१६. म्हणजे साधारण दर १०६.२ चक्रांमागे एक चक्र बुडीत.

"शंभरात एकदा, बाकी वेळ नफा" असं ऐकलं की पद्धत भक्कम वाटते. पण हिशोब पुढे न्या. बुडीत चक्र येईपर्यंत सरासरी १०५.२ चक्रं जिंकली जातात आणि प्रत्येकी १ या दराने १०५.२ चिप्स जमतात. मग एक चक्र १२७ घेऊन जातं. प्रत्येक बुडीत चक्रामागे जवळपास २२ चिप्सची तूट राहते. चक्रांवर विभागलं तर दर चक्राला ०.२०५ चिपेचा सरासरी तोटा.

आता संध्याकाळचं पाहू. वीस चक्रं न बुडता पार पडण्याची शक्यता ०.९९०५८४ चा विसावा घात, म्हणजे ८२.८ टक्के. म्हणून दहात आठ संध्याकाळी जिंकणं ही नशिबाची खास मेहेरबानी नव्हती. जिंकलेली संध्याकाळ २० देते. हरलेली संध्याकाळ आधी जिंकलेली थोडी चक्रं वजा करूनही सरासरी ११८ घेऊन जाते. ११८ भरून काढायला जिंकलेल्या संध्याकाळी लागतात ५.९. प्रत्यक्षात एका हरलेल्या संध्याकाळीमागे मिळतात ४.८.

वहीतलं सगळं कोडं या दोन आकड्यांत आहे. खेळाडू मोजत राहिला की मी किती वेळा जिंकलो. मोजायचं होतं ते एका हरण्याची किंमत किती जिंकण्यांएवढी आहे.

पावत्या रकमेनुसार लावल्या तर

वरचा हिशोब पटूनही मनात एक शंका उरते: डाव हुशारीने कमीजास्त करून ही तूट कुठेतरी चुकवता येत असेल. ती शंका घालवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक डावाची एक पावती कल्पायची आणि सगळ्या पावत्या वेळेच्या क्रमाने न लावता रकमेच्या क्रमाने लावायच्या. एका ढिगात सगळे १ चे डाव, दुसऱ्यात २ चे, तिसऱ्यात ४ चे. हजार चक्रांचे ढीग सरासरी असे दिसतील:

| डाव | किती वेळा | एकूण लावलेलं | सरासरी तोटा |
|---|---|---|---|
| १ | १००० | १००० | २७.० |
| २ | ५१३.५ | १०२७ | २७.८ |
| ४ | २६३.७ | १०५५ | २८.५ |
| ८ | १३५.४ | १०८३ | २९.३ |
| १६ | ६९.५ | १११३ | ३०.१ |
| ३२ | ३५.७ | ११४३ | ३०.९ |
| ६४ | १८.३ | ११७४ | ३१.७ |

एकूण लावलेलं ७५९४, एकूण तोटा २०५. भागाकार करा, २.७० टक्केच येतात. ६४ च्या ढिगाकडे एकटं पाहिलं तर तो कुणीतरी नेहमी लालवर ६४ लावणारा सरळसाधा खेळाडूच आहे. त्या प्रत्येक डावाआधी सहा हारी झालेल्या होत्या, याचा त्या ढिगातल्या निकालांवर काही परिणाम नाही. प्रत्येक ढीग आपापली नाल भरतो. तोट्याच्या ढिगांची बेरीज करून नफा कसा निघणार?

जगातली कुठलीही डाव-पद्धत घ्या, नोंदी अशा रकमेनुसार लावता येतातच. डाव किती लावायचा हे मागच्या निकालांवर ठरतं, पण पुढचा निकाल डावाच्या आकारावर ठरत नाही. म्हणून सरासरी तोटा म्हणजे एकूण लावलेली रक्कम गुणिले नालेचा दर. पद्धत बदलल्याने लावलेली रक्कम बदलेल, नफा-तोट्याची वाटणी बदलेल, पण दर बदलणार नाही. गणितात हे फार आधी नीट बसलं. १९१९ मध्ये रिचर्ड फॉन मिझेस याने "कुठल्याही निवड-पद्धतीने फायदा होत नाही" या गोष्टीलाच यादृच्छिकतेच्या व्याख्येत स्थान दिलं. १९३९ मध्ये जाँ व्हिल याने मार्टिंगेल हा शब्द संभाव्यताशास्त्रात आणला, आणि पुढे जोसेफ डूब याने त्यावर मोठी उपपत्ती उभी केली. जुगाऱ्यांच्या पद्धतीचं नाव आज गणिताच्या एका अख्ख्या शाखेत नांदतं आहे.

दहाव्या संध्याकाळनंतरची तीन स्पष्टीकरणं

हातात ४८ चिप्स घेऊन उठलेला माणूस सहसा पद्धतीला दोष देत नाही. तो तीनपैकी एक कारण शोधतो. ही कारणंच त्याला पुन्हा टेबलाशी आणून बसवतात, म्हणून त्यांच्याकडे पाहताना घाई करू नये.

पहिलं कारण: भांडवल कमी पडलं. सातऐवजी दहा पायऱ्यांचे पैसे असते तर सावरलो असतो. तर मग पायऱ्या वाढवून पाहू, टेबलाची मर्यादाही काढून टाकू:

| पायऱ्या | लागणारं भांडवल | एक चक्र बुडण्याआधी सरासरी कमाई | कमाई भांडवलाच्या किती टक्के |
|---|---|---|---|
| ५ | ३१ | २७ | ८७ |
| ७ | १२७ | १०५ | ८३ |
| १० | १,०२३ | ७८३ | ७७ |
| २० | १०,४८,५७५ | ६,१५,००० च्या आसपास | ५९ |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. भांडवल वाढतं तसं बुडण्याची वेळ लांबते, हे खरं. पण बुडतं तेव्हा जाणारी रक्कम त्याहून वेगाने वाढते. दर पायरीला डाव दुप्पट होतो आणि तिथवर पोचण्याची शक्यता मात्र निम्मी न होता ०.५१३५ पटच होते. दोन्हींचा गुणाकार ३८/३७, एकाहून जरासा जास्त. हा "जरासा" प्रत्येक पायरीला साचत जातो. n पायऱ्यांच्या चक्राचा सरासरी तोटा (३८/३७)चा n वा घात वजा १ इतका असतो. नाणं अगदी न्याय्य असतं तर गुणाकार बरोबर १ झाला असता आणि सरासरी तोटा शून्य. नफा तेव्हाही नाही!

"पण अमर्याद पैसे असतील तर कधी ना कधी लाल येणारच ना?" येणार. पण तोवर लावाव्या लागणाऱ्या रकमेची सरासरीही अमर्याद होते, आणि हे सगळं कशासाठी, तर १ चिपेसाठी. ज्याच्याकडे अमर्याद पैसे आहेत त्याला त्या एका चिपेची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे ते नाहीत. टेबलाच्या मर्यादेमुळेच पद्धत हरते असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं, ते म्हणूनच अर्धवट आहे. मर्यादा बुडण्याची वेळ अलीकडे आणते, इतकंच. उधारीवर आठवा डाव लावायला मिळावा म्हणून धडपडणाऱ्याला हे कुणीतरी वेळीच सांगायला हवं. तिथे पाय थांबला तर घर वाचतं.

दुसरं कारण: आधी उठायला हवं होतं. वीसऐवजी पाच चक्रं जिंकून उठलो असतो तर? मग जिंकलेल्या संध्याकाळींचं प्रमाण ९५ टक्क्यांवर जातं आणि वही आणखी सुंदर दिसते. पण पाच चक्रांच्या चार बैठका म्हणजे वीस चक्रांचीच एक बैठक. मधे घरी जाऊन झोपून आल्याने चाकाच्या दृष्टीने काही घडत नाही. बुडीत चक्र दर १०६ मागे एक, ते तसंच राहतं. तोट्याकडून आवर घातला, म्हणजे सातऐवजी पाचव्या हारीला थांबायचं ठरवलं, तर तक्त्यातली पहिली ओळ लागू होते: दर २८ चक्रांमागे एक बुडीत, २७ कमावले, ३१ गेले.

तिसरं कारण सगळ्यात चिवट: सुरुवात चुकीच्या वेळी केली. आधी चार काळे येऊ द्यायचे आणि मगच लालवर लावायला लागायचं. मग बुडण्यासाठी सलग अकरा हारी लागतील, आणि अकरा हारींची शक्यता १,५२७ त एक. इथे चूक नेमकी कुठे होते? १,५२७ त एक ही शक्यता कुठलाही चेंडू फिरण्याआधीची, अकराच्या अकरा फेऱ्या पुढे असतानाची आहे. चार काळे येऊन गेले की त्या चार फेऱ्यांची शक्यता उरत नाही. त्या घडलेल्या आहेत. उरतात सात, आणि सातांची शक्यता तीच, १०६ त एक. वाट पाहण्याचा खरा फायदा एकच: तेवढा वेळ डाव लागत नाही, म्हणून नालही भरावी लागत नाही.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग २६ वेळा आला. पंधरा-सोळा काळे झाल्यावर लालवर पैसे लावायला झुंबड उडाली, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आता पारडं फिरणारच. त्या रात्री लालवर १ पासून दुप्पट करत राहणाऱ्याला सव्विसावा डाव ३,३५,५४,४३२ चा लावावा लागला असता. आणि तोही काळ्यावर गेला असता. निकाल लांबच्या पल्ल्यात सरासरीकडे येतात हे खरं आहे. पण ते येतात पुढच्या असंख्य फेऱ्यांत मागची विषमता पातळ झाल्यामुळे. चाक मुद्दाम उलट बाजूने भरपाई करतं म्हणून नव्हे.

इतर पद्धतींबद्दल थोडक्यात

दालांबेरच्या नावाची पद्धत सौम्य आहे: हरलं की डाव १ ने वाढवा, जिंकलं की १ ने कमी करा. जिंकणं आणि हरणं समसमान झालं तर दर जोडीमागे १ चिप नफा राहतो. पण समसमान होणार कसं? हजार फेऱ्यांत सरासरी २७ हारी जास्त असतात, आणि त्या वाढीव हारी वाढलेल्या डावांवर येऊन बसतात. ज्या गणितज्ञाचं नाव या पद्धतीला लागलं त्या जाँ दालांबेरनेच १७५४ मध्ये दोन नाणेफेकींत निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३ असल्याचं लिहिलं होतं. बरोबर उत्तर ३/४. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचाही इथे पाय घसरला, तेव्हा सामान्य खेळाडूला कमी लेखू नये.

लाबूशेअर पद्धतीत कागदावर १-२-३-४ असे आकडे लिहून दोन टोकांची बेरीज, म्हणजे ५, लावायची. जिंकलं तर दोन्ही टोकं खोडायची, हरलं तर लावलेला आकडा शेवटी जोडायचा. एक विजय दोन आकडे खोडतो आणि एक हार एकच जोडते, म्हणून एक तृतीयांशाहून थोडे जास्त विजय पुरतात, असं सांगतात. ते चूक नाही. पण हारींची रांग लागली की टोकाचे आकडे फुगत जातात आणि डाव टेबलाच्या मर्यादेला जाऊन भिडतो. खोडलेल्या आकड्यांची सगळी कमाई तिथे एका ओळीत जाते.

पारोली उलटी चालते. जिंकल्यावर दुप्पट करायचं आणि तीन विजयांनंतर थांबायचं. इथे ११.५ टक्के वेळा ७ मिळतात, उरलेल्या वेळा १ जाते. सरासरी तोटा दर चक्राला ०.०७९. मार्टिंगेलची ही आरशातली प्रतिमा आहे: पुष्कळ छोट्या हारी आणि क्वचित मोठा विजय. आकार उलटा, दर तोच.

दुप्पट करायचेच असतील तर

समजा त्याला १२७ चे २५४ करायचे आहेत. मार्टिंगेलने त्यासाठी एकदाही न बुडता १२७ चक्रं जिंकावी लागतात आणि त्याची शक्यता ३०.१ टक्के. दर फेरीला न बदलता १ चिप लावत राहिलं तर दुप्पट होण्याआधी सगळे संपण्याचीच जवळजवळ खात्री, यशाची शक्यता ०.१ टक्का. आणि सगळेच्या सगळे १२७ एका डावात लालवर लावले, तर ४८.६५ टक्के.

सावकाश, शिस्तीने, टप्प्याटप्प्याने खेळणं हा शहाणपणा वाटतो, आणि हिशोब त्याच्या अगदी उलट सांगतो. कारण वर आलंच आहे: तोटा लावलेल्या एकूण रकमेवर बसतो. एका डावात १२७ एकदाच लागतात. १२७ चक्रं खेळायची तर सरासरी साडेनऊशेच्या आसपास चिप्स चाकाखालून जातात. जिथे शक्यता विरुद्ध आहे तिथे ठराविक लक्ष्य गाठायला धीट डावच सगळ्यात चांगला, हे लेस्टर डुबिन्स आणि लेनर्ड सॅव्हेज यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलं. "सगळ्यात चांगला" म्हणजे इथे निम्म्याहूनही कमी, हे मात्र विसरू नये. हा सल्ला म्हणून दिलेला नाही. सल्ला हवा असेल तर जॉन केली याचं १९५६ चं सूत्र पाहावं. बरोबरीच्या परताव्यावर भांडवलाचा किती हिस्सा लावावा? जिंकण्याची शक्यता वजा हरण्याची शक्यता. लालसाठी ते उत्तर −१/३७ येतं. उणे. म्हणजे लावायचंच नाही.

गणितज्ञ एडवर्ड थॉर्पने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजून फायदा काढता येतो हे दाखवलं, ते या सगळ्याच्या विरुद्ध जात नाही. गेलेले पत्ते गड्डीत परत येत नाहीत, म्हणून पुढच्या पानाची शक्यता खरोखर बदलते. त्याने ती बदललेली शक्यता ओळखली आणि मग डाव वाढवला. रूलेटच्या चाकावरून कुठलाही खाना कमी होत नाही.

वही का फसवते, आणि स्वतः कसं तपासावं

एका चक्राचा निकाल +१ किंवा −१२७. त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, १२.४ चिप्स, आणि सरासरी तोटा जेमतेम ०.२. चढउताराच्या मानाने हा तोटा इतका बारीक आहे की तोटा निव्वळ नशिबाने दिसत नाही असं जरा खात्रीने म्हणायला साडेचौदा हजार चक्रं लागतात. आपल्या खेळाडूच्या वहीत दोनशेही नव्हती. हजार चक्रं खेळलेल्या शंभर जणांपैकी साधारण २८ नफ्यात असतात, आणि पद्धत चालते असं ते मनापासून, खोटं न बोलता सांगतात. बाकीचे ७२ सहसा बोलत नाहीत.

तेव्हा एक पैसाही न लावता संगणकाच्या तक्त्यात खेळून पाहावं. पहिल्या रकान्यात ० ते ३६ मधला यादृच्छिक पूर्णांक आणा. १ ते १८ आला तर विजय धरा, कारण लालचेही खाने अठराच. दुसऱ्या रकान्यात डाव: आधीची फेरी जिंकली असेल किंवा आधीचा डाव ६४ असेल तर १, नाहीतर आधीच्याच्या दुप्पट. तिसऱ्यात निकाल, चौथ्यात चालू बेरीज. एका चक्राला सरासरी २.०४ फेऱ्या लागतात, म्हणजे एक लाख चक्रांसाठी सुमारे २,०४,००० ओळी.

तीन चुका हमखास होतात. शून्याला बरोबरी धरून तो डाव परत दिला की नाल नाहीशी होते आणि निकाल शून्याभोवती घुटमळतो. तक्ता प्रत्येक बदलानंतर नवे आकडे काढतो, त्यामुळे आवडता निकाल येईपर्यंत नकळत पुन्हा पुन्हा खेळलं जातं. आकडे एकदा आले की ते मूल्यं म्हणून गोठवून ठेवा. आणि शेवटचं चक्र अर्धवट असेल तर ते वगळा, नाहीतर न संपलेल्या हारी हिशोबात शिरतात.

मग चालू बेरीज बघत बसू नका, ती फार हेलकावे खाते. निकाल −६४ असलेल्या ओळी मोजा, ती बुडीत चक्रं. एक लाख चक्रांत ती ९४२ च्या आसपास यायला हवीत, साधारण साठ इकडेतिकडे. पद्धत नफ्यात येण्यासाठी ती ७८१ किंवा त्याहून कमी असावी लागतात.